बरा हाय

पाच मंगळवार मी एका म्हातारीच्या नावापुढे ‘बरी’ असं लिहिलं आणि तिची अफूची गोळी बंद झाली. ते लिहिणाऱ्या हाताचा मला आजही राग येतो.

ठाण्यात खाडीच्या बाजूला निराधार वृद्धांसाठी एक धर्मार्थ आश्रम होता. मी तिथे कारकून. दर मंगळवारी डॉक्टर यायचे. त्याआधी खोल्यांतून फिरून प्रत्येकाची प्रकृती वहीत लिहायची, हे माझं काम. वहीत ‘दुखणे’ असेल त्यालाच गोळी. मी दारातूनच विचारायचो, “काय आजी, कसं काय?” म्हातारी जन्मभर मिठागरात राबलेली, गुडघे नि कंबर पार गेलेली. ती हात जोडून आपल्या आगरी बोलीत म्हणायची, “बरा हाय, बाला.”

सहाव्या मंगळवारी शेजारच्या खाटेवरची किरिस्ताव म्हातारी कडाडली, “काय रे, तू दुखणं इचारतोस का रामराम घालतोस? ती पदर चावून चावून फाडते, न् तू लिवतोस बरी! दारातून इचारल्यावर ती दुसरं काय सांगेल?”

मी पहिल्यांदाच आत जाऊन खाटेशी बसलो. कुठे दुखतं ते विचारलं.

“रोजच दुकतं,” ती म्हणाली. “गोली बंद झाली. मना वाटला, संपली आसंल.”

डॉक्टरांना एवढंच सांगायचं होतं की माझी वही खोटी आहे. पण नोकरी डोळ्यांपुढे आली. मी लिहिलं, ‘दुखणे, आजपासून.’

डॉक्टरांनी वही वाचली. तिच्याकडे पाहिलंही नाही. “नवं दुखणं ना? मग आधी पंधरा दिवस तेल चोळा. लगेच अफू द्यायची नाही, नियम आहे.” माणूस सोडून वही तपासणाऱ्या त्या डॉक्टरांचा मला संताप आला, त्या नियमाचाही आला. ‘जुनंच आहे’ एवढंच बोलायचं होतं. मी वही उचलून पुढच्या खाटेकडे वळलो.

ते पंधरा दिवस तेलाची वाटी मीच नेऊन देत होतो. चोळणारी बाई गुडघ्याला हात लावायची, तेव्हा म्हातारी पदर दातांत धरायची.

मग गोळी सुरू झाली. त्या दिवशी मला दारात पाहून तिने हात जोडले. “तुज्यामुलं मिलाली रं, बाला.”

मी म्हणालो, “बरं, बरं.”