दोन पावलांमधला फरक

सिस्टर पुन्हा आल्या आणि माझ्या दहा महिन्यांच्या मुलीची दोन्ही पावलं चाचपू लागल्या. सकाळी मांडीच्या धमनीतून बारीक नळी घालून तिच्या हृदयाची तपासणी झाली होती. ‘सगळं छान झालं’ म्हणतात, मग सारखं काय बघतात? काहीतरी लपवताहेत, असं मला वाटू लागलं.

“खरं काय ते सांगा ना,” मी तुटकपणे म्हणाले.

“ताई, नळी काढल्यावरही एवढ्याशा धमनीत रक्ताची गुठळी होऊन पावलाकडे जाणारं रक्त अडू शकतं. हिला सांगता येत नाही, म्हणून मी शंका घेते.”

दुपारी त्यांचा हात उजव्या पावलावर थांबला. ते गार होतं, नाडी लागत नव्हती. डॉक्टर धावत आले, गुठळी वाढू नये म्हणून शिरेतून औषध सुरू झालं. कुणाच्याच ‘काळजी करू नका’वर माझा विश्वास बसेना.

संशय म्हणजे आपल्याला कुणी फसवेल ही भीती, एवढंच मला माहीत होतं. दुसऱ्याच्या लेकरासाठी कुणी तो दिवसभर जागा ठेवतं, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

संध्याकाळी पाऊल उबदार झालं, नाडी लागली. लेकीने त्याच पायाने सिस्टरांचा हात झटकला.

“झटक गं बाई,” त्या म्हणाल्या, “अजून झटक.”