आत्याचं टेबल

आत्या आमच्याकडे राहायला आली तेव्हा मी सात वर्षांची होते. नवरा गेल्यावर सासरच्यांनी तिला ठेवून घेतलं नाही. पुस्तकांचा मजकूर टाइप करून द्यायचं काम ती अजूनही करते. परवा तिचा जुना कॉम्प्युटर कायमचा बंद पडला, तेव्हा नवा घेऊन द्यायचं मी ठरवलं.

"लॅपटॉपच घेऊ," मी म्हणाले. "घरात कुठेही बसून काम करता येईल."

बाबांनी लगेच मान डोलावली. "तेच बरं. ते कॉम्प्युटरचं टेबल तरी निघेल तिथून. केवढी जागा अडते!"

आत्या एरवी बाबांपुढे बोलत नाही. त्या दिवशी म्हणाली, "मला डेस्कटॉपच हवा."

मला रागच आला. आपण हिच्या सोयीचं बघावं, तर हिचा भलताच हेका! बाबा बाहेर गेल्यावर मी विचारलं, "अगं, पण का?"

"माझी कॉट आधी आतल्या खोलीत होती," ती हळूच म्हणाली. "तुझ्या दादाचं लग्न झालं, तेव्हा ती हॉलमध्ये आली. मग सोफा आला, तशी पॅसेजमध्ये गेली. मी कधी हूं की चूं केलं नाही. टेबलाला मात्र कुणी हात लावला नाही. एवढ्या वायरी असतात ना त्याला."

तो सोफा मीच हौसेने आणला होता.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले आणि म्हणाले, "डेस्कटॉप दाखवा. त्यातला सगळ्यात जड कोणता?"