माळ घातलेला फोटो

लिहिण्याचा मला अधिकार नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि उत्तरपत्रिकेपलीकडे मी काही लिहिलेलं नाही. चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. कुमुदअक्कांवर जुन्या सिनेमासिकांतून पुष्कळ लिहून आलं आहे. त्यांच्या यजमानांवर, नागोजीअण्णांवर, कुणी एक ओळ लिहिलेली मला सापडली नाही. म्हणून हे धाडस.

निपाणीहून शिकायला बेंगळुरूला आलो तेव्हा हेब्बाळच्या तळ्यापासून जवळच त्यांच्या माडीवरची खोली मला मिळाली. पहिल्या दिवशी बैठकीत बसलो, तर समोर भलीमोठी फ्रेम. काळ्यापांढऱ्या फोटोत तरुण अक्का, मुंडावळ्या बांधलेल्या, गळ्यात माळ, आणि शेजारी एक राजबिंडा नवरदेव. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "अण्णा, लग्नातला फोटो छान आलाय. पण तुम्ही ओळखू येत नाही."

अण्णा बुटके, सावळे, टक्कल पडलेले. त्यांनी गंभीरपणे फोटोकडे पाहिलं. "हां. स्वल्प बदललोय मी."

आतून अक्कांचं हसू ऐकू आलं. "अहो, पोराला खरं सांगा की!"

"ते हीरो आहेत रे," अण्णा म्हणाले. "मी तिकीट काढून बघणारा."

अक्का आणि त्या हीरोंची जोडी एके काळी कन्नड सिनेमात गाजली होती. सिनेमा कुठलाही असो, शेवटी या दोघांचं लग्न व्हायचं आणि थिएटरात चिल्लर उधळली जायची. दुसऱ्याचं सिनेमातलं लग्न घरात का टांगलंय, हे मात्र मला कळेना. एकदा दळण आणायला बरोबर गेलो तेव्हा धीर करून विचारलं.

"त्याच दिवशी आमचंही झालं," अण्णा म्हणाले. "सकाळी देवळात आमचं, दुपारी सेटवर त्यांचं. निर्माते म्हणाले, लग्न करा, पण बाहेर कळता कामा नये. जोडी मोडली म्हणून लोक यायचे नाहीत. फोटोवाला बोलवायचा नाही, मंगळसूत्र पदराखाली. मग आमच्या लग्नाच्या दिवसाचा म्हणून हाच एक फोटो. दिवस आमचा, बाई आमची. माळ तेवढी दुसऱ्याची."

हे सांगताना ते हसत होते. 

अण्णा एका कारखान्यात फिटर होते. अक्कांबरोबर बाजारात जाताना दोन पावलं मागे चालायचे, हातात पिशव्या. बायका अक्कांना गाठून विचारायच्या, "यजमान कसे आहेत?" त्यांच्या डोळ्यांपुढे हीरो असायचे. मागून अण्णा उत्तर द्यायचे, "बरे आहेत. शुगर आहे स्वल्प. गुडघा दुखतो." बायका हळहळायच्या आणि हीरोंसाठी घरगुती औषधं सांगायच्या. अण्णा ती नीट ऐकून घ्यायचे.

"खोटं बोललो का मी?" नंतर ते मला विचारायचे. "यजमानांची तब्येत विचारली, सांगितली."

कारखान्यातून निवृत्त झाल्यावर अण्णांची साठीशांत ठरली. त्यात नवरा-बायको पुन्हा एकमेकांना माळ घालतात. आदल्या दिवशी तोरण बांधता बांधता अण्णा मला हळूच म्हणाले, "कोपऱ्यावरच्या स्टुडिओवाल्याला सांगितलंय. या वेळी फोटो काढायचा. दोघांचा. माळा घालून." साठ वर्षांचा माणूस लाजला होता.

दुसऱ्या दिवशी हीरो आले. माणूस सज्जन, अण्णांचा मान ठेवायलाच आले होते. पण गल्लीत बातमी फुटली. लोक कंपाउंडावर चढले, खिडक्यांतून डोकी आली. अक्का माळ हातात घेऊन उभ्या राहिल्या, तसा कुणीतरी ओरडला, "जोडी! जोडी!" मग सगळेच ओरडू लागले. हीरो संकोचून हात जोडत मागे सरले. तेव्हा अण्णांनी आपल्या हातातली माळ त्यांच्यापुढे धरली.

"घाला सार. लोक लांबून आलेत."

माळा घातल्या गेल्या. टाळ्या, शिट्ट्या. स्टुडिओवाला स्वतःच त्या जोडीचा जुना भक्त, तो बटण दाबतच राहिला. गर्दी ओसरल्यावर भटजींनी राहिलेला विधी उरकला, अण्णांनी अक्कांना माळ घातली, आणि कॅमेऱ्याकडे पाहून दोघे उभे राहिले.

"रोल संपला, अण्णा," स्टुडिओवाला म्हणाला.

"सरी, सरी, असू दे. परत कधीतरी."

संध्याकाळी पाट उचलत होतो तेव्हा स्वयंपाकघरातलं बोलणं कानावर आलं.

"तुम्ही माळ दिलीत कशाला त्यांना?"

"अगं, लोकांना तुझी जोडी बघायची होती."

"आणि मला? माझ्या हातातली माळ कुणासाठी होती, विचारलंत का मला?"

 भांडी वाजायची थांबली.

मग अण्णा म्हणू लागले, या पोराची परीक्षा झाली की तिघे स्टुडिओत जाऊ. परीक्षेनंतर अक्कांना कावीळ झाली. त्या उठल्या तेव्हा अण्णांच्या पायाची जखम चिघळली. मी पुढच्या शिक्षणासाठी धारवाडला निघालो, तेव्हा ते लंगडत बसपर्यंत आले. दहीभाताचा डबा हातात देऊन म्हणाले, "दिवाळीला ये. जाऊ फोटोला."

दिवाळीला जाणं जमलं नाही. बूथवरून फोन लावला. अक्कांनी उचलला.

"अक्का, अण्णांना द्या ना."

"अण्णा गेले रे. श्रावणात. पाय नडला. तुझा पत्ता मला सापडला नाही."

 त्या सावकाश बोलत राहिल्या.

"दहाव्याला फोटो हवा होता. घरभर शोधलं, यांचा एकट्याचा म्हणून फोटो नाही. शेवटी कारखान्याच्या ओळखपत्रावरचा काढला. खांद्यावर शिक्का आहे. मोठा केला तर धुरकट होतो म्हणाले, म्हणून आहे तेवढाच ठेवला. भिंतीवरच्या त्याच फ्रेममध्ये घातला. हीरोंना फोन करून सांगितलं, तुमचा फोटो खाली काढला. ते म्हणाले, फार आधीच काढायला हवा होता, अम्मा."

"त्या एवढ्या मोठ्या फ्रेममध्ये?" मी कसंबसं विचारलं.

"हां. एका कडेला लावलाय. फ्रेमवाला म्हणत होता, मधोमध लावू अक्का, ही बाजू अगदी मोकळी दिसते. मी म्हटलं, दिसू दे. ती माझी आहे."