कोणाचा हात?

शेवटच्या दिवशी सकाळी आम्ही तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. मी ओट्यावर, आणि बुढी खाली अंगणात, सिमेंटच्या पालथ्या घमेल्यावर. किडका दाणा निघाला की ती तो माझ्या पायाशी फेकायची. म्हणायची, "हा पाहा, तुमच्यासारखा निघाला. वरून हिरवागार." ओटा बांधून तीन महिने झाले होते, आणि ती बहिणीकडून परत आली त्या दिवशी एकदा टेकली तेवढीच. त्यानंतर ती त्यावर बसली नव्हती.

बुढी म्हणजे माझी बायको. उंचीने माझ्या छातीएवढी, पण साऱ्या जगाकडे वरून बघायची. तिच्याजवळ एकच शिवी होती, बह्याड. डोकं नसलेल्या माणसाला आमच्याकडे बह्याड म्हणतात. तिच्या हिशेबाने डॉक्टर बह्याड, भाजीवाला बह्याड, टीव्हीत बडबडणारे तर सगळेच. मला जन्मभर 'तुम्ही' म्हणाली आणि जन्मभर बह्याडही म्हणाली. "बह्याड आहे का तुम्ही?" असं, एका दमात. मान द्यायची आणि त्याच हाताने काढून घ्यायची.

चाळीस वर्षं मी नागपूरच्या इतवारीत भांड्यांची हातगाडी ढकलली. राहायला गल्लीतली एक खोली, पाय लांब केले की भिंतीला लागायचे. गुडघे गेले तेव्हा बुढी म्हणाली, चला माझ्या गावाले. कुहीच्या पुढे तिचं माहेर. भावाने तिच्या वाट्याचा तुकडा सोडला होता, तो पण बाभळीचा, पडीक. मी म्हटलं, "तिथं जंगलात काय करू?" ती म्हणाली, "इथं काय करून राहिले? ढकलूनच राहिले ना?"

पहिल्या आठवड्यात तिने मला सगळं शिवार फिरवून दाखवलं. ती पुढे, मी मागे. एका ठिकाणी मऊ हिरवं गवत दिसलं म्हणून मी चप्पल काढून मधूनच चाललो. ते धानाचे पऱ्हे निघाले, लावणीसाठी वाढवलेली रोपं. शेतवाला बोंबलत आला. बुढीने त्याला हात जोडले आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "सोड गा भाऊ, इतवारीचा माल आहे. त्याले भात ताटातच ओळखू येते." त्या गावात माझी ओळख तीच राहिली. इतवारीचा माल.

रविवारी नागपूरहून मोटारी यायच्या. तलावाशेजारी शेतघरं बांधणारे लोक. उतरले की म्हणायचे, किती शांतता आहे ना! बुढी डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन त्यांच्या समोरून जायची आणि त्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "हा भारा घेऊन पाहा म्हणा, मग सांगा कंबर शांत राहते का." मलाही ते लोक आवडले नाहीत. पण मी पाहून हसायचो, ती हसायचीसुद्धा नाही.

घर मात्र तिने घाईत होऊ दिलं नाही. एक अख्खा पावसाळा आम्ही तिच्या भावाच्या गोठ्याला लागून राहिलो आणि ती रोज छत्री घेऊन तुकड्यावर जाऊन उभी राहायची. पाणी कुठून येतं, कुठं थांबतं, कुठून जातं. मी चिडलो तर म्हणाली, "मिस्त्री पैसे घेऊन जाईन. पाणी दरवर्षी येईन." शेजारी एका रिटायर कारकुनाने उन्हाळ्यात धडाक्यात बंगला उठवला होता. आषाढात त्याच्या सैपाकखोलीत खेकडे फिरले. बुढी मुद्दाम पाहून आली. त्या दिवशी ती दोन भाकरी जास्त जेवली.

आमचं घर झालं. दोन खोल्या, पण थेंब आत आला नाही. राहिला तो दारासमोरचा ओटा. तेव्हाच कामठीला तिची बहीण आजारी पडली. जाताना ती ऑटोतून म्हणाली, "ओटा एक हात उंच ठेवाले सांगजा. जास्त नको."

मी मिस्त्र्याला सांगितलं, एक हात. मिस्त्री ताडमाड. त्याने कोपर जमिनीला टेकवलं, बोटं वर केली, खूण मारली. मी वरून कोटा फरशी लावून घेतली. ती फरशी मी नागपूरहून टेम्पोत बसून, धरून आणली होती.

चार दिवसांनी बुढी परत आली. पिशवी टाकली आणि थेट ओट्यावर बसायला गेली. तिला उडी मारून चढावं लागलं. पाय लोंबायला लागले, लेकरासारखे. तिने पायांकडे पाहिलं.

"कोणाचा हात?"

"म्हणजे?"

"मिस्त्र्याले कोणाचा हात सांगितला?"

"हात म्हणजे हात."

"बह्याड! बसणार कोण, अन् हात कोणाचा? एवढं बी नाही समजलं का तुम्हाले?"

ती उतरली. चुलीतला कोळसा आणला, ओट्याला लागून भिंतीशी कोपर टेकवलं आणि मधल्या बोटाशी रेघ ओढली. ओट्यापेक्षा अर्धी वीत खाली. "हा माझा हात. इथवर काढा."

विटांचा एक थर. मिस्त्री म्हणाला, अर्ध्या दिवसाचं काम आहे. मी म्हटलं, हात लावायचा नाही. जन्मात पहिल्यांदा मी काही बांधून घेतलं होतं, आणि येणारा-जाणारा त्या फरशीवरून हात फिरवत होता. मी बुढीला म्हटलं, "तुझे पाय लांब कर."

तिने घमेलं पालथं घातलं आणि बसली.

पाहुणे म्हणायचे, वर बसा ना. ती म्हणायची, "तो मिस्त्र्याच्या हाताचा आहे. मिस्त्री आला की बसवा त्याले." दिवाळीला मी भिंतीला चुना मारला, रेघ गेली. दुसऱ्या दिवशी रेघ परत तिथंच. मी पुन्हा चुना मारला नाही. थरही काढला नाही.

त्या सकाळी शेंगा संपल्या तशी ती गुडघ्यांवर हात देऊन उठली. "संध्याकाळी मिस्त्र्याले बोलवा. लय झालं आता. घमेल्यावर गुडघे दुखून राहिले."

मी म्हटलं, "पाहू."

"पाहू म्हणे. बह्याड." सूप घेऊन आत गेली आणि जरा पाठ टेकते म्हणाली. दुपारी चहाला हाक मारली तर उठली नाही. कुहीच्या डॉक्टरने हृदय बंद पडल्याचं सांगितलं. दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं.

जमलेली माणसं ओट्यावर ओळीने बसली होती. बुटकी जी होती त्यांचे पाय लोंबत होते. तिचा भाऊ फरशीवर हात फिरवून म्हणाला, "भाऊजी, ओटा मस्त बांधला गा." मला त्या सगळ्यांचा तिटकारा आला.

सकाळी उठून मी छन्नी-हातोडा काढला. आधी फरशी फोडली. आवाजाने भाऊ धावत आला. "भाऊजी, बह्याड झाले का तुम्ही? काहून फोडून राहिले? तिसरा दिवस तरी होऊ द्या!"

मी त्याला बाजूला सारलं. विटांचा थर काढला, रेघेपर्यंत. एकेक वीट. मग बसून पाहिलं. माझे गुडघे छातीपाशी आले.

माप बरोबर होतं.