घरबसल्या कॉलेज

मुलगी बारावी झाली त्या उन्हाळ्यात ह्यांनी कॅलेंडरच्या जुन्या पानामागे मधोमध रेघ ओढली. डावीकडे कॉलेज, उजवीकडे घरबसल्या कॉलेज. डावीकडे फी, एस.टी.चा पास, चार बरे ड्रेस, पावसाळी चपला, कॅन्टीन, सहल. उजवीकडे फी आणि टेलिफोनचं बिल. कॉम्प्युटर ह्यांच्या ऑफिसातून मोडीत निघालेला मिळणार होता. उजवी बाजू निम्म्यावर आली.

"बघ," हे मुलीला म्हणाले, "डिग्री ती डिग्रीच. आणि उन्हातान्हात हिंडायला नको."

लांबच्या एका विद्यापीठाने तो कोर्स नवाच काढला होता. दर शुक्रवारी अकरा ते एक इंटरनेटवर वर्ग. सर तिकडून लिहीत, ती अक्षरं आमच्याकडे पडद्यावर उमटत. हिने काही विचारायचं तर इकडून टाइप करायचं. महिन्याच्या शेवटी परीक्षा, तीही तशीच.

"बाबा, कॉलेजात लायब्ररी असते, मुली असतात," ती एकदाच म्हणाली.

"बिल्डिंगमध्ये मुली कमी आहेत का?"

मी गप्प बसले. चौथी शिकलेल्या बाईने कॉलेजातलं काय बोलायचं, असं मनाला सांगितलं. खरी गोष्ट वेगळी होती. मी खोट्या दागिन्यांना खडे चिकटवायचं काम घरी आणत असे. ती जोडीला बसली की दोन दिवसांचं काम एका दिवसात उरकायचं. मलाही ती घरात हवी होती.

उमेळे गावातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये तेव्हा फोन मोजक्याच घरांत. मोबाइल निघाले होते, पण आलेला फोन घ्यायलाही पैसे पडत. त्यामुळे आमचा नंबर चार शेजाऱ्यांनी आपापल्या नातेवाइकांना देऊन ठेवला होता. कुणाचा फोन आला की जिन्यातून हाक मारायची पद्धत होती. मला हाक मारायची लाज वाटे, म्हणून मी जाऊन कडी वाजवायची.

तळमजल्यावरच्या काकींचा एकुलता एक मुलगा दुबईला होता. त्याला शुक्रवारी सुट्टी. तो बाराच्या सुमाराला फोन करायचा, आणि काकी पावणेबारालाच येऊन आमच्या पलंगाच्या कडेला बसायच्या.

आमच्याकडे टेलिफोनची वायर एकच, इंटरनेटही तिच्यातूनच. ती फोनमधून काढून कॉम्प्युटरला लावली की फोन बंद. पहिल्या शुक्रवारी काकी एकपर्यंत बसून राहिल्या.

"लाइन खराब असेल हो," मी म्हणाले. कॉम्प्युटर आतल्या खोलीत होता, दार लोटलेलं होतं. खोटं खपून गेलं.

दुसऱ्या शुक्रवारी त्यांनी दारातून आत डोकावून बघितलं.

"हे मशीन चालू असलं की फोन मुका होतो, होय?"

"हो."

"शीक गं बाई, शीक. तुझं शिकून झालं की माझा पोरगा बोलेल."

मुलीने मान वर केली नाही. तिचे कान लाल झालेले मला दिसले. काकींनी वेळ बदलायला सांगणारं पत्र टाकलं, पण ते पोचून उत्तर यायला पंधरावीस दिवस सहज जात. त्यात मुलगा शेवटच्या फोनवर म्हणाला होता की कंपनी बदलतोय, नवीन जागा लांब आहे, पत्ता मागाहून कळवीन. तिसऱ्या शुक्रवारी काकी काहीच बोलल्या नाहीत. ते मला टोमण्यापेक्षा जड गेलं.

चौथ्या शुक्रवारी परीक्षा होती. काकी आल्या, बसल्या, घड्याळाकडे बघत राहिल्या. मी खडे घेऊन बसले होते, पण एकही खडा दागिन्याच्या खाचेत बसेना. चिमट्यातून निसटायचा, लादीवर टणटण उडायचा. मी उठून पाणी प्यायले. परत बसले. परत उठले. काकींना म्हणावं, आज पेपर आहे, घरी जा. जीभ उचलेना. मुलीला म्हणावं, पाच मिनिटं थांब. तेही जमेना.

बाराला पाच कमी असताना मी आत गेले आणि कॉम्प्युटरला लावलेली वायर काढून आणली. बाहेर फोनला लावली. वर्ग चालू असताना दोनदा असं आपोआप तुटलं होतं आणि तिने पुन्हा जोडलं होतं. परीक्षेतही तसंच चालत असेल, असं मी धरून चालले. विचारलं नव्हतं.

"आई!"

ती बाहेर आली. वायर माझ्या हाताशी, फोन तिच्यासमोर. आणि तेवढ्यात तो वाजला.

काकींनी झडप घातली. "कुठे होतास रे? जेवलास का? असा आवाज का येतोय तुझा?" चार मिनिटं त्या बोलत होत्या आणि चार मिनिटं मुलगी दाराला टेकून उभी होती. काकी डोळे पुसत गेल्या. तिने वायर नेऊन लावली. पडद्यावर परीक्षा संपल्याचं लिहून आलं. पुन्हा आत घेईना.

संध्याकाळी ह्यांनी विचारलं, "पेपर कसा गेला?"

"लाइन गेली मध्येच," ती म्हणाली.

माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. हे तापले. त्या लाइनमनची तक्रारच करतो, म्हणाले, आणि परीक्षेची फी पुन्हा भरू. दोन दिवस मी आमटीत मीठ दोनदा घातलं नाहीतर घातलंच नाही. तिसऱ्या दिवशी हे तक्रारीचा अर्ज लिहायला बसले. लाइनमन रस्त्यात दिसला की हसून मान हलवणारा माणूस होता.

"वायर मी काढली," मी म्हणाले.

"तू? तू तर फोनला हात लावत नाहीस."

"पुढच्या शुक्रवारीही काढीन. मला कुणाला नाही म्हणता येत नाही. आज काकी, उद्या गॅसवाला, परवा माझेच खडे. ती घरात असेल तोवर मीच तिला उठवणार. तिला कॉलेजात घाला."

ह्यांनी पेनाला टोपण लावलं. "आणि भरलेली फी?"

"गेली."

मुलगी स्वयंपाकघरात होती. भांड्यांचा आवाज थांबला होता.

आठवड्याने आम्ही दोघी कॉलेजात गेलो. प्रवेश बंद झाले होते. तिला कॉम्प्युटर शिकायचं होतं, त्याच्या जागा भरलेल्या. कॉमर्सच्या थोड्या उरल्या होत्या. ती म्हणाली, "चालेल." उशीर का झाला, ते पालकांनी लिहून द्यायचं होतं. मी खिडकीपाशी उभी राहून माझ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं, माझ्या चुकीमुळे उशीर झाला.

क्लार्कने वाचलं. "बाई, असं कारण साहेब मंजूर करत नाहीत. आजारपण लिहा."

मुलीने दुसरा कागद घेतला, आईची प्रकृती अचानक बिघडल्यामुळे, असं झरझर लिहिलं आणि सहीपुरता माझ्याकडे सरकवला. मी सही केली. क्लार्कने शिक्का उचलला, मारायच्या आधी माझ्याकडे बघितलं.

"आता बरं आहे ना?"

"हो," मी म्हणाले.