पुस्तकातला स्पीडब्रेकर

सोलापूरकरांनो, डोकं फिरलंय.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या स्पीडब्रेकरवर पप्पांची बाईक रोज आदळते. इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टसाठी मी तोच टेपनं मोजला आणि सस्पेन्शनला किती दणका बसतो, त्याचं कॉम्प्युटरवर मॉडेल केलं.

आज परीक्षक सर उशिरा आले. म्हणाले, "एमआयडीसीतल्या त्या स्पीडब्रेकरला गाडी खालून घासली."

मग माझा ग्राफ बघून म्हणाले, "एवढा उंच स्पीडब्रेकर कुठं असतो? पुस्तकातला घाल."

"सर, आत्ता तुमची गाडी त्यालाच घासली की!"

"पास व्हायचंय ना?"

मी आकडे बदलले. किळस त्यांची आली, त्याहून जास्त स्वतःची.

संध्याकाळी पप्पा कंबर धरून घरी आले आणि हसत त्यांनी विचारलं, "आपला स्पीडब्रेकर आवडला का सरांना?"

तुम्हीच सांगा की, काय सांगू त्यांना?