कावळ्याला दिलेला शब्द

गहिनीनाथच्या दहाव्याला कावळा शिवेना, तेव्हा त्याची मुलगी ज्ञानेश्वरी मनातल्या मनात रसायनशास्त्राच्या अभिक्रिया घोकत होती. अकरा वाजता बारावीचा पेपर होता. परीक्षेचं केंद्र राहात्याला, आणि ती उभी होती पुणतांब्याला, गोदावरीच्या घाटावर, बापाच्या पिंडापाशी. तिला कोणी निष्ठुर म्हटलं असतं तरी ती काही बोलली नसती. डोळ्यांना पाणी येत नव्हतं, म्हणून डोक्याला काहीतरी काम हवं होतं, एवढंच.

गहिनीनाथ पेरूवाला माणूस. बाग स्वतः छाटायचा, स्वतः क्रेट भरायचा, स्वतःच टेम्पोत बसून राहात्याच्या मार्केटला जायचा. त्या दिवशी क्रेट भरता भरता छातीला हात लावून खाली बसला आणि पुन्हा उठलाच नाही. बागेतून ओरडा झाला तेव्हा ज्ञानेश्वरी घरात जीवशास्त्राची सराव प्रश्नपत्रिका सोडवत होती. तिने आधी पेनाला टोपण लावलं आणि मग ती उठली. पुढे कितीतरी दिवस तिला बापाच्या चेहऱ्याऐवजी ते टोपणच आठवायचं. मांडी घालून फार वेळ बसलं की पायाला मुंग्या येतात, मग मुंग्याही जातात आणि पाय आपला नाहीसाच होतो, तसं तिच्या आत काहीतरी झालं होतं.

गहिनीनाथला मुलगा नव्हता. त्यामुळे सगळं क्रियाकर्म धाकट्या भावाने, अजिनाथने केलं. दहाव्याच्या दिवशी तो डोकं भादरून, ओल्या धोतरात पिंडासमोर हात जोडून उभा होता. पिंडाभोवती गहिनीनाथच्या आवडीचं सगळं मांडलेलं होतं. शेव, चहाचा कप, तंबाखूची पुडी आणि मीठ लावलेला एक पेरू. समोरच्या झाडावर कावळे होते, पण एकही खाली उतरेना.

"बोला, काहीतरी बोला," गुरुजी म्हणाले. "मन अडकलंय कुठेतरी."

अजिनाथ मोठ्याने म्हणाला, "दादा, आईची काळजी करू नको. तिला काय कमी पडू देनार न्हाई."

कावळे जागचे हलले नाहीत.

"वहिनीला कोनी काय बोलनार न्हाई. बाग मोडनार न्हाई. एक झाड तोडनार न्हाई."

"त्याची दोन हजाराची उधारी हाय माझ्याकडं, ती फेडतो म्हनून सांगू का?" मागून कोणीतरी हळूच म्हणालं आणि दोघेचौघे तोंडावर उपरणं धरून हसले. गहिनीनाथ असता तर तोही हसला असता.

ऊन चढत चाललं होतं. लोक पिंडाभोवती दाटीने उभे होते. ज्ञानेश्वरीने एकदा आईकडे पाहिलं. आई, रेश्मा, बायकांच्या घोळक्यात डोक्यावर पदर ओढून बसली होती. तिने मानेनेच खूण केली, जा. ज्ञानेश्वरीने पायरीवर ठेवलेली पिशवी उचलली, तीत हॉलतिकीट होतं, आणि ती निघाली. चुलतमामा आसाराम मोटरसायकल घेऊन वर उभाच होता. माणसं बाजूला सरली, पोरीला वाट दिली. ती चार पायऱ्या चढली असेल-नसेल, तेवढ्यात मागे कोणीतरी म्हणालं, "अजिनाथ, पोरीचं बोल की! डॉक्टर करायचं हुतं त्याच्या मनात!" आणि अजिनाथचा आवाज आला, "दादा, ज्ञानूला डॉक्टर करीन! शब्द हाय माझा!"

मग एकच गलका झाला. "शिवला! शिवला!"

ज्ञानेश्वरीने मागे वळून पाहिलं नाही. मोटरसायकल सुरू झाली होती. तिने तो पेपर लिहिला, पुढचेही लिहिले. कोणी विचारलं, कसा गेला, तर ती "गेला" म्हणायची.

बारावीचा निकाल चांगला लागला. आजीने, बनुबाईने, देवापुढे साखर ठेवली आणि तीच साखर तिच्या तळहातावर दिली. ज्ञानेश्वरीने ती खाल्ली. मेमध्ये नीटची परीक्षा झाली, आणि जूनमध्ये तिचा निकाल आला. त्या गुणांत सरकारी कॉलेज तर सोडाच, कुठलंच मेडिकल मिळण्यासारखं नव्हतं. सीईटीचे गुण मात्र असे होते की राहुरीच्या कृषी विद्यापीठाकडे बीएस्सी ॲग्रीला नंबर सहज लागावा. तिला वाईट वाटलं नाही. खरं म्हणजे अकरावीपासून तिच्या मनात ॲग्रीच होतं. सीईटीचा फॉर्म तिने बापाला शेजारी बसवूनच भरला होता. मोबाइल नंबरही त्याचाच दिला होता, कारण तेव्हा तिच्याकडे फोन नव्हता. "आता ह्यात काय शिकत्यात?" त्याने विचारलं होतं. "पेरू," ती म्हणाली होती. "मग फी मला दे," असं म्हणून तो मोठ्याने हसला होता. पाहुण्यांसमोर मात्र तो पोरगी डॉक्टर होणार असंच सांगायचा. सायन्सला पोर असलेले गावातले सगळेच बाप तसं सांगतात.

पण आता घरात दादाचं मन काय होतं हा प्रश्नच उरला नव्हता. ते कावळ्याने सांगितलं होतं. अजिनाथ लातूरला जाऊन क्लास पाहून आला. रिपीटर बॅच, शेजारीच मुलींचं वसतिगृह. येताना त्याने ज्ञानेश्वरीसाठी एक मोठी निळी बॅग आणली आणि ती खाटेवर ठेवली. माणूस वाईट नव्हता. भावाच्या माघारी त्याने स्वतःच्या पोरांच्या आधी हिच्या चपला आणल्या होत्या. म्हणून तर त्याच्यापुढे बोलणं अवघड होतं.

"नाना, ॲग्रीच्या फॉर्मची मुदत उद्या संपते," ज्ञानेश्वरी म्हणाली. "शेतीचा उतारा लागतो. शेतकऱ्याच्या मुलांना जादा गुण असतात. तुम्ही तलाठ्याकडून आणणार होता."

"न्हाई आनला. आननार बी न्हाई," अजिनाथ बॅगेची चेन उघडून मिटून पाहत म्हणाला. "ह्या वर्षी न्हाई तर पुढल्या वर्षी. दोनदा बसू, तीनदा बसू. तुला घाई काय हाय?"

"मला नाही जमणार ते."

"जमंल. न जमायला काय झालं? मी काय गावातल्या मान्साला शब्द दिलाय का, उद्या बदलला तर चाललं म्हनून? पिंडापुढं दिलाय. त्यो ऐकून शिवला. आता मी फिरलो तर दादा कुठं जाईल? लटकत बसंल?"

बनुबाई ओट्यावर शेंगा फोडत होती. रेश्मा चुलीपाशी पाठमोरी होती. भाकरी थापटण्याचा आवाज मात्र थांबला.

ज्ञानेश्वरीला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. रडणाऱ्या पोरीपुढे अजिनाथ टिकत नसे. पण तिला काहीच होत नव्हतं. ती कुणा दुसऱ्याच मुलीच्या ॲडमिशनची बोलणी ऐकत असल्यासारखी खांबाला टेकून उभी होती. तिला एवढंच कळत होतं की उद्याचा दिवस गेला की ती निळी बॅग भरावी लागेल, आणि ती ती भरेल. कपड्यांच्या घड्या नीट घालून भरेल. तिला आपलीच भीती वाटली, आणि ती भीतीसुद्धा लांबून आल्यासारखी वाटली.

"नाना," ती म्हणाली, "कावळा शिवला तेव्हा तुम्ही बघत होता का?"

"मी? माझे डोळे मिटलेले हुते. हात जोडले हुते."

"मीही बघितलं नाही. मी पायऱ्या चढत होते. पण मी निघाले म्हणून माणसं बाजूला झाली. तोवर सगळे पिंडाला खेटून उभे होते. जागा झाली म्हणून तो उतरला असेल. तुमच्या बोलण्याने नसेलही."

"व्हय का? अन् हे शहानपन इतके महिने कुठं हुतं? तोंडात मूग धरून बसली हुतीस?"

"कोणी विचारलं नाही."

ते तिने उलट उत्तर म्हणून दिलं नव्हतं. खरंच कोणी विचारलं नव्हतं. अजिनाथ मात्र चिडला. "म्हंजे मी इतके दिवस खोटाच झुरतोय? उद्या म्हनशील कावळ्याला भूक लागली हुती!"

"मी बघितलं," रेश्मा म्हणाली.

तिघांनीही चुलीकडे पाहिलं. नवरा गेल्यापासून रेश्मा कामापुरतंच बोलायची. दिरासमोर तर तेवढंही नाही. आता ती तशीच पाठमोरी बसून, पिठाचे हात परातीत ठेवून बोलत होती.

"बाकीच्यांची नजर झाडाकडं हुती, माझी हिच्याकडं हुती. हिला गाडी गावंल का न्हाई, पेपर बुडतो का काय, ह्याच घोरात मी. ही निघाली, मान्सं सरली, अन् त्यो हिच्या मागूनच खाली आला. बगा भाऊजी, हिचा पाय पायरीवर अन् त्याचं पंख खाली. तुमचं बोलनं त्याच्या आदी झालं का नंतर, ते मला न्हाई सांगता यायचं. खोटं कशाला बोलू?"

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला, तेव्हा रेश्माने ती उलटली.

बनुबाईने शेंगांचं सूप बाजूला सारलं. "आज्या," ती लेकाला म्हणाली, "तू आईला सांभाळतो म्हनलास, तवा आला का त्यो?"

"न्हाई."

"बाग मोडत न्हाई म्हनलास, तवा?"

"न्हाई आला."

"मंग? त्याचं मन माझ्यात न्हवतं अन् पेरूत बी न्हवतं. पोरगी पेपरला जाती का न्हाई, ह्यात हुतं. घाटावर ताटकळत हुती ती, घड्याळ बघत. बाप हाय त्यो. ती जाईना म्हनून त्यो उतरंना. ती गेली, ह्यो मोकळा झाला. डॉक्टर म्हननारा कोन हुता? मागचा कुनीतरी. अन् तू." ती थोडी थांबली. "माझा ल्योक कदी कुनाला आमकंच कर म्हनला न्हाई. क्रेट भरायला गडी लावला तरी त्याला विचारायचा, बाबा, तुला कंच्या बाजूनं भरू वाटतंय."

ही गोष्ट खरी होती. अजिनाथला हसू आलं आणि ते ओठांवर असतानाच त्याने तोंड फिरवलं. मग उठून तो बाहेर गेला आणि अंगणात बराच वेळ उगीचच मोटरसायकल पुसत राहिला. आत आला तेव्हा एवढंच म्हणाला, "तलाठी सकाळी लवकर बसतो, का आपलं जेवायच्या टायमाला उगवतो?" कोणाला विचारलं ते कळलं नाही, पण उत्तर बनुबाईने दिलं, "त्याच्या घरला जा. बायको उठवती त्याला."

दुसऱ्या दिवशी दुपारी ज्ञानेश्वरी आणि अजिनाथ करणच्या सेतू केंद्रात बसले होते. उतारा मिळाला होता. पुढे गर्दी होती, कारण मुदतीचा दिवस असला की सगळा तालुका जागा होतो. करण ज्ञानेश्वरीच्या दोनच वर्षं पुढचा, पण खुर्चीत बसला की साहेबासारखा बोलायचा.

"आज आठवण झाली का? सर्व्हर बसलाय, चहा पिऊन उठतो म्हनला." तो टाइप करत राहिला. मग म्हणाला, "हां. ओटीपी गेला. सांग."

ज्ञानेश्वरी नुसती पडद्याकडे पाहत राहिली.

"अगं, नंबर कुनाचा दिलाय? शेवटी दोन-सात. कुठंय फोन?"

फोन घरी होता. रेश्मा तो रोज चार्ज करून फडताळात ठेवायची. मार्केटचे पेरूचे भाव त्यावर अजून येत होते. ज्ञानेश्वरीने नानाकडे पाहिलं. अजिनाथने खिशातून मोबाइल काढला आणि नंबर लावला. पडद्यावर अक्षरं उमटली, "दादा". दोघांनीही ती वाचली. रिंग वाजत राहिली, मग तिकडून रेश्माचा आवाज आला. तिने एकेक आकडा सावकाश वाचून दाखवला, दोनदा. ज्ञानेश्वरीने तो तसाच करणला सांगितला.

"झालं," करण म्हणाला. "पुढचं कोन हाय?"

पावती घेऊन दोघं निघाली. अजिनाथने गाडी घराकडे न नेता बागेपाशी थांबवली. बाग ताणावर होती. उन्हाळ्यात पेरूचं पाणी तोडतात, पानं पिवळी पडून गळतात, झाडं वाळल्यासारखी दिसतात, आणि मग एक दिवस पाणी देतात तेव्हा बहर धरतो. तो दिवस दरवर्षी गहिनीनाथ ठरवायचा. या वर्षी तो कोणीच ठरवला नव्हता. मृग निघून गेला होता. झाडांच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या.

"मला कळंना गं," अजिनाथ म्हणाला. "आज सोडू, उद्या सोडू करत ऱ्हायलो. जास्त झाला का ताण? मेली तर न्हाईत?"

ज्ञानेश्वरी पहिल्या झाडाशी गेली. बाप करायचा तसं तिने अंगठ्याच्या नखाने फांदीची साल किंचित खरवडली. आत हिरवं होतं. तिने दुसऱ्या झाडाची खरवडली, तिसऱ्याची खरवडली.

"सोडा नाना," ती म्हणाली. "पहिलं पाणी हलकंच द्या."

अजिनाथ विहिरीकडे गेला. मोटर सुरू झाल्याचा आवाज आला. ती चपला काढून वाफ्यात पाण्याची दारं धरायला उभी राहिली. बऱ्याच वेळाने पाटाच्या दंडातून वाळलेली पानं पुढे ढकलत पाणी आलं. आधी फेस आला, मग गढूळ धार. ते तिच्या पायांवरून पुढच्या आळ्याकडे गेलं.

गार लागलं.